मायकेल सार्स : समुद्रतळाचा शोध घेणारे पाद्री



पावसाळ्यात अंगणात निघणारं गांडूळ तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. गांडुळाचे पुष्कळ नातेवाईक समुद्रात राहतात. विज्ञानाच्या पुस्तकात आपण त्यांना वलयी प्राणी म्हणतो. आता सांगा, अशा समुद्री कृमीच्या अंगावर आणखी कुणी राहत असेल का? नॉर्वे देशातल्या एका माणसाने भिंगातून तेही निरखून पाहिलं. त्यांचं नाव मायकेल सार्स. चला, त्यांची ओळख करून घेऊया.

पाद्री, पण मन समुद्रात

सार्स यांचा जन्म 30 ऑगस्ट 1805 रोजी बर्गेन या बंदराच्या शहरात झाला. निसर्गाची ओढ लहानपणापासूनच होती, पण शिक्षण घेतलं धर्मशास्त्राचं. 1831 मध्ये ते किन या किनाऱ्यावरच्या गावी पाद्री झाले. त्याच वर्षी मारेन वेल्हावेन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. 1840 मध्ये मांगेर येथे बदली झाली. तिथेही समुद्र जवळच!

चर्चचं काम सांभाळून ते समुद्रातले प्राणी गोळा करायचे आणि तासन्‌तास बघत बसायचे. 1829 मध्ये त्यांनी दोन छोट्या प्राण्यांना वेगवेगळी नावं दिली होती. एक पेल्यासारखा, दुसरा बशा एकावर एक रचल्यासारखा. पुढे त्यांच्याच लक्षात आलं की हे दोन प्राणी नाहीतच, या तर जेलीफिशच्या वाढीच्या अवस्था आहेत! मग आपलीच चूक त्यांनी स्वतः दुरुस्त केली. मित्रांनो, हे सोपं नसतं बरं का.

1854 मध्ये त्यांना राजधानी ख्रिस्तियानिया (आजचं ओस्लो) येथील विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक नेमलं गेलं.

कृमीच्या अंगावरचे भाडेकरू

1862 मध्ये सार्स यांनी समुद्री कृमींवर राहणाऱ्या काही परजीवींचं वर्णन प्रसिद्ध केलं. हे परजीवी कोपेपॉड गटातले, म्हणजे कोळंबी-खेकड्यांचे दूरचे नातेवाईक. साबेला नावाच्या कृमीच्या डोक्यावर पिसांचा तुरा असतो. त्यावर राहणाऱ्या परजीवीचं नाव त्यांनी ठेवलं साबेलिफिलस, म्हणजे साबेलावर प्रेम करणारा. टेरेबेला गटाच्या कृमीवर राहणारा झाला टेरेबेलिकोला, म्हणजे टेरेबेलावर वस्ती करणारा. नावातच पत्ता आला की नाही?

त्याच सुमारास डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी हर्पिलोबियस हा परजीवी शोधला. त्याची मादी म्हणजे नुसती पिशवी! तिचा काही भाग कृमीच्या शरीरात घुसलेला, बाकीचा बाहेर लोंबणारा. पाय नाहीत, डोळे नाहीत. मग ही खेकड्यांची नातेवाईक कशावरून? कोपेपॉडांची पिल्लं पाण्यात पोहतात आणि त्यांना कोळंबीच्या पिल्लांसारखे सांध्यांचे पाय असतात. म्हणून प्राणी ओळखायचा तर त्याचं लहानपणही बघावं लागतं. सार्स जेलीफिशच्या बाबतीत नेमकं हेच शिकले होते.

खोल समुद्रात खरंच काही नाही?

त्या काळी एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं मत अनेकांना पटलं होतं. 300 वाव, म्हणजे सुमारे 550 मीटरच्या खाली समुद्रात जीव नसावेत, असं ते मत. तिथे अंधार, थंडी आणि पाण्याचा प्रचंड दाब. पटण्यासारखंच होतं ना?

सार्स यांनी वाद घातला नाही. त्यांनी तळ खरवडणारी जाळी खाली सोडली आणि वर जे आलं त्याची यादी केली. 1864 मध्ये त्यांनी 200 ते 300 वाव खोलीवरच्या 92 जातींची यादी दिली. 1868 पर्यंत, 450 वाव खोलीपर्यंत, ती 427 जातींवर गेली!

त्यांचा मुलगा गेओर्ग ओसियन लोफोटेन बेटांजवळ मासेमारीची पाहणी करत होता. त्याला खोल पाण्यात देठावर उभा असलेला, फुलासारखा दिसणारा एक प्राणी मिळाला. हा तारामाशाचा नातेवाईक. त्याच्यासारखे देठाचे प्राणी तोवर मुख्यतः जीवाश्मांतूनच माहीत होते. तो पाहून वायव्हिल थॉमसन हे शास्त्रज्ञ थक्क झाले. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली चॅलेंजर जहाजाची प्रसिद्ध सागरी मोहीम (1872 ते 1876) निघाली.

नंतर खोल समुद्रातल्या खवलेधारी कृमींवरही परजीवी कोपेपॉड सापडले. यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. परजीवी एकटा जगू शकत नाही. तो आहे म्हणजे त्याचा यजमान आहे, यजमानाला अन्न आहे, पुढची पिढी आहे. जिथे काहीच नाही म्हणत होते, तिथे अख्खं गाव नांदत होतं!

अखेर

22 ऑक्टोबर 1869 रोजी सार्स यांचं निधन झालं. चॅलेंजर निघालेली त्यांना पाहता आली नाही. पण 1900 मध्ये नॉर्वेने आपल्या संशोधन जहाजाला मायकेल सार्स हे नाव दिलं. 1910 मध्ये ते जहाज उत्तर अटलांटिक महासागर धुंडाळून आलं.

मित्रांनो, वर्गात आपण पटकन म्हणतो, तिथे काही नाही, त्याला काही येत नाही. मीही कधीतरी म्हणते. पुढच्या वेळी असं म्हणण्याआधी एकदा जाळं खाली सोडून बघूया.

विचार करा आणि लिहा
1. सार्स यांनी स्वतःची कोणती चूक दुरुस्त केली?
2. परजीवी सापडला की यजमान असणारच, असे का म्हणता येते?
3. परिसरातील एका झाडाचे पान दोन्ही बाजूंनी नीट बघा. त्यावर कोण कोण राहते, त्याची यादी करा.