तळ्याकाठचे गाव

स्वित्झर्लंडमध्ये झुरिचच्या तळ्याकाठी क्यूसनाख्त नावाचे गाव आहे. १९१३ सालच्या आसपास तिथे दुपारी फिरायला गेलेल्या माणसाला एक उंचापुरा, चष्मेवाला गृहस्थ काठावर वाकून दगडावर दगड रचताना दिसला असता. घरात चार मुले असलेला हा गृहस्थ, पण हा खेळ त्यांच्यासाठी नव्हता. मनोविकारांचे नामवंत डॉक्टर कार्ल गुस्टाव युंग स्वतःसाठीच खेळत होते.

त्यांच्यावर तशी वेळच आली होती. ज्या सिग्मंड फ्रॉइड यांनी त्यांना आपला वारस मानले होते, त्यांच्याशी जानेवारी १९१३ मध्ये कायमचे बिनसले. जवळची माणसे दुरावली. स्वप्ने छळू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, आगगाडीत बसले असताना, सारा युरोप पुरात बुडतो आहे आणि त्या पाण्याचे रक्त होते आहे, असे दृश्य त्यांना जागेपणी दिसले. झुरिचच्या मनोरुग्णालयात त्यांनी नऊ वर्षे काढली होती. अशा वाटा कुठे जातात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

स्वतःच्या सगळ्या विद्येने हात टेकले, तेव्हा त्यांना दहा-अकरा वर्षांचा कार्ल आठवला. गावच्या धर्मोपदेशकाचा हा मुलगा एकलकोंडा होता आणि आईवडिलांचे फारसे पटत नसे. दगड आणि चिखल घेऊन तो तासन्‌तास घरे बांधी. एकदा त्याने पट्टीच्या टोकाला कोरून दोन इंचांचा माणूस केला, त्याला काळा कोट आणि उंच टोपी चढवली, सोबतीला एक रंगवलेला गुळगुळीत गोटा दिला आणि पेन्सिलींच्या डबीत घालून माळ्यावरच्या तुळईवर लपवून ठेवला. घरात काही बिनसले की माळ्यावरचा तो माणूस आठवायचा आणि पोराला धीर यायचा. कोणाला याचा पत्ता नव्हता.

त्या मुलाकडे परत जायचे तर पुन्हा खेळायला हवे होते, आणि ते सोपे नव्हते. फार लाज वाटली. तरीही जेवण झाले की रुग्ण येईपर्यंतच्या वेळात ते काठावर जाऊ लागले. झोपड्या झाल्या, गढी झाली, हळूहळू अख्खे गाव उभे राहिले. आपल्याकडे मुले दिवाळीत किल्ला करतात, तसेच थोडेफार. चर्चही बांधले, पण त्यात वेदी ठेवायला हात धजेना. एके दिवशी पाण्याजवळ एक लाल दगड सापडला, पिरॅमिडसारखा, जेमतेम दीड इंचाचा. तो चर्चमध्ये ठेवताच लहानपणी पडलेले एक भयंकर स्वप्न आठवले. हात कामाला लागले की आत तुंबलेले काही वाहू लागते, हे त्यांना उमगले.

मग चित्रे आली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात युंग नजरबंद इंग्रज सैनिकांच्या छावणीचे प्रमुख होते. तिथे ते रोज सकाळी वहीत एक लहानसे वर्तुळ काढत आणि आतून जसे सुचेल तसे भरत. मन थाऱ्यावर असले तर आकृती जुळून येई. एकदा कुणाच्या पत्राने ते चिडले, तर दुसऱ्या दिवशीचे वर्तुळ एका बाजूने फुटलेलेच उतरले. याला कला म्हणायला मात्र त्यांची तयारी नव्हती. लाल कातडी बांधणीच्या एका मोठ्या ग्रंथात त्यांनी सोळा वर्षे चित्रे आणि मजकूर उतरवला. तो छापून आला २००९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ४८ वर्षांनी.

एक सांगायला हवे. एमा यांच्या माहेरच्या पैशामुळे घरात चणचण नव्हती, आणि संसार त्यांनीच सांभाळला. प्रत्येकाला अशी दुपार मिळत नाही.

आईच्या मृत्यूनंतर, १९२३ मध्ये, युंग यांनी त्याच तळ्याच्या वरच्या अंगाला बोलिंगेन इथे दगडी बुरूज बांधायला घेतला. तिथे वीज नव्हती. लाकडे फोडायची, स्वयंपाक करायचा, दगड कोरायचे. १९५५ मध्ये एमा गेल्या आणि त्यांनी त्याला आणखी एक मजला चढवला. १९६१ मध्ये ते वारले.

तोवर शेजारच्याच झोलिकॉन गावात डोरा काल्फ मुलांसाठी हे काम करू लागल्या होत्या. युंग यांच्याच प्रोत्साहनाने त्या १९५६ मध्ये लंडनला मार्गारेट लोवेनफेल्ड यांच्याकडे शिकायला गेल्या होत्या. टेबलावर मावेल असा पसरट खोका, त्यात वाळू. तळ निळा, म्हणजे वाळू बाजूला सारली की पाणी दिसते. फळीवर माणसे, जनावरे, घरे, पूल. मुलाने हवे ते उचलायचे, हवे तिथे ठेवायचे. मोठ्या माणसाने शेजारी बसायचे, पण सूचना करायची नाही. मूल घरी गेल्यावरच त्याने मांडलेले ते जग हलक्या हाताने मोडायचे.