एर्विन म्युलर: सुईच्या टोकावर अणू पाहणारा शास्त्रज्ञ

अणू सगळ्यात आधी कोणी पाहिला? बहुतेकांना हे नाव सांगता येत नाही. तो मान एर्विन म्युलर यांचा.

म्युलर यांचा जन्म १९११ चा, बर्लिनमधला. तिथेच ते नोबेलविजेते गुस्टाव्ह हर्ट्झ यांच्या हाताखाली शिकले. १९३६ मध्ये त्यांनी जे यंत्र बनवलं, त्यात एकही भिंग नव्हतं. होती फक्त एक निर्वात नळी, टंगस्टनची अतिशय टोकदार सुई आणि समोर चमकणारा पडदा. बस्स!

सुईला काही हजार व्होल्टचा ऋण दाब दिला की तिच्या टोकापाशी विद्युत क्षेत्र प्रचंड वाढतं. टोक जितकं बारीक, तितकं क्षेत्र जास्त. मग धातू तापवावा लागत नाही. इलेक्ट्रॉन क्वांटम टनेलिंगने बाहेर पडतात आणि पंख्यासारखे पसरत पडद्यावर जाऊन आदळतात. टोकाची त्रिज्या १०० नॅनोमीटर आणि पडदा १० सेंटीमीटरवर असेल, तर चित्र साधारण दहा लाख पट मोठं दिसतं. हिशेब इतका सरळ आहे.

पण अणू काही दिसेना. इलेक्ट्रॉन बाहेर पडताना थोडे आडवेही सरकतात, त्यामुळे २ नॅनोमीटरपेक्षा बारीक काही स्पष्ट होत नाही. टंगस्टनचे शेजारचे अणू तर पाव नॅनोमीटरच्या आसपास अंतरावर असतात.

मध्ये महायुद्ध येऊन गेलं. १९५१ मध्ये, बर्लिनमध्येच, म्युलर यांनी चक्क जोडणी उलटी केली. सुई धन केली आणि नळीत थोडासा वायू सोडला. आता टोकावरच्या उंचवट्यांपाशी वायूचे अणू आपला इलेक्ट्रॉन गमावतात आणि आयन होऊन पडद्याकडे फेकले जातात. तरीही चित्र पुरेसं स्पष्ट येत नव्हतं. सुई थंड करणं बाकी होतं.

पुढच्या वर्षी ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत गेले. तिथे ११ ऑक्टोबर १९५५ ला, कंवर बहादुर या भारतीय विद्यार्थ्यासोबत, त्यांनी सुई थंड केली आणि हेलियम वापरला. पडद्यावर ठिपक्यांची वर्तुळं उमटली. एकेक ठिपका म्हणजे टंगस्टनचा एकेक अणू! आपल्याकडे बहादुर यांचं नाव फारसं कोणी घेत नाही, याचं वाईट वाटतं.

१९६७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत टोकावरचा एकेक अणू उपटून ओळखणारं यंत्रही केलं. नोबेल मात्र मिळालं नाही. १९७७ मध्ये ते गेले. सूक्ष्मदर्शकांसाठीचं नोबेल नऊ वर्षांनी इतरांना मिळालं.

आज तशाच टंगस्टनच्या सुईवर फेमटोसेकंदांचे लेझर झोत सोडतात. टोकापाशी प्रकाशाचंच विद्युत क्षेत्र वाढतं आणि झोताच्या तालावर इलेक्ट्रॉन सुटतात. अणूंच्या हालचाली टिपणारे कॅमेरे बनवायला आता हेच इलेक्ट्रॉन वापरायचे प्रयत्न चालू आहेत.