धनंजयराव गाडगीळ : धान्याच्या न्याय्य वाटणीचे अर्थशास्त्रज्ञ



आपल्या भागातील वडीलधारी मंडळी आजही रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे. लोकांना कंट्रोल नकोसे झाले असतानाही त्याची गरज अभ्यासपूर्वक सांगणारे थोर अर्थशास्त्रज्ञ प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांची ओळख या अंकात करून देत आहे.

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला, पण बालपण नागपुरात गेले. त्या वेळी नागपूर आणि आपला छिंदवाडा जिल्हा एकाच मध्यप्रांतात होते. उच्च शिक्षण त्यांनी इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे घेतले. भारतातील उद्योगधंद्यांच्या वाढीवरचा त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्षे ते सुरतच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९३० मध्ये रावबहादुर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक झाले. घरोघरी जाऊन माहिती गोळा करायची आणि मगच मत द्यायचे, अशी त्यांची शिस्त होती.

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. मग इंग्रज सरकारला जाग आली. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले, पुढे इतर शहरांतही आले. परवान्याशिवाय धान्य एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेता येत नसे. कार्ड नसलेल्या नवख्या माणसाला शहरात पोट भरणे कठीण होते. १९४५ मध्ये युद्ध संपले, टंचाई मात्र संपली नाही. १९४६ मध्ये प्रौढ माणसाचे रोजचे धान्य १२ औंसांवर, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅमवर आणले गेले.

१९४७ च्या सुरुवातीला सरकारने वस्तूंच्या किमतींविषयी सल्ला देण्यासाठी एक मंडळ नेमले. त्याचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला आणि सदस्य गाडगीळ होते. गाडगीळांचे म्हणणे सरळ होते. माल कमी असताना बाजार मोकळा सोडला तर पैसेवाला साठा करतो आणि मजुराच्या घरची चूल विझते. म्हणून सरकारने शेतकऱ्याला योग्य भाव देऊन धान्य खरेदी करावे, स्वतःजवळ साठा ठेवावा आणि सर्वांना सारखे वाटावे. नुसता हुकूम काढून काही होत नाही. मंडळाने नियंत्रण चालू ठेवण्याचाच सल्ला दिला.

परंतु लोक कंटाळले होते. दुकानापुढे लांब रांगा, निकृष्ट धान्य, काळाबाजार आणि लाचलुचपत यांचा सर्वांना त्रास होता. सक्तीने धान्य द्यावे लागते म्हणून शेतकरी नाराज होते. महात्मा गांधीजींनाही वाटे की कंट्रोलमुळे अप्रामाणिकपणा वाढतो आणि लोक स्वावलंबन विसरतात. स्वतंत्र भारताच्या सरकारने डिसेंबर १९४७ पासून धान्यावरील नियंत्रण उठवायला सुरुवात केली. भाव झपाट्याने चढले. १९४८ च्या शरद ऋतूत सरकारला नियंत्रण पुन्हा आणावे लागले.

गाडगीळांचा अंदाज खरा ठरला, तरी लोकांच्या तक्रारीही खोट्या नव्हत्या. शेतकऱ्याच्या हाती ताकद आली पाहिजे हे गाडगीळ जाणून होते. म्हणूनच विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने त्यांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याचे अध्यक्षपद सांभाळले. १९६७ मध्ये ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत राज्यांना कशी वाटावी याचे सूत्र १९६९ मध्ये त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. त्यात मोठा हिस्सा लोकसंख्येवर ठरत असे. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांनो, गांधीजी आणि गाडगीळ या दोघांनाही गरिबाचीच काळजी होती, मार्ग मात्र वेगळे होते. मतभेद असला म्हणजे समोरचा वाईट असतो असे नाही, हे यातून शिकावे. आज अन्नसुरक्षेचा २०१३ चा कायदा पात्र कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो धान्याचा हक्क देतो. ते कुणाचे उपकार नव्हेत, तो त्यांचा वाटा आहे. ज्यांच्या घरी नव्वदीच्या आसपासचे आजी-आजोबा आहेत, त्यांनी कंट्रोलच्या दिवसांच्या आठवणी विचारून लिहून आणाव्यात. पुढील अंकात त्या अवश्य छापू.