आगरकर आणि ती बनावट पत्रे

मथळ्यावरून वृत्तपत्राच्या पक्षपाताचा संशय घेणे सोपे असते. आपण छापले ते खोटे होते असे कळल्यावर तसे सांगणे मात्र संपादकाला फार जड जाते. मराठी पत्रसृष्टीत ही कसोटी फार लवकर लागली, आणि ती गोपाळ गणेश आगरकरांच्या वाट्याला आली.

१८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेले आणि दारिद्र्यात शिकलेले आगरकर जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’चे पहिले संपादक झाले, तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असून त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, अशी त्या काळी बोलवा होती. तिला दुजोरा देणाऱ्या पत्रांच्या आधारे ‘केसरी’ने आणि टिळकांच्या ‘मराठा’ने बर्व्यांवर तोफ डागली. पत्रांची पुरेशी शहानिशा झाली नव्हती, हे मान्यच केले पाहिजे. राजाविषयीचा कळवळा खरा होता. पण कळवळा म्हणजे पुरावा नव्हे. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी १८८२ च्या जुलैत चार महिन्यांची साधी कैद झालीच. खटल्याच्या वेळी जोतीराव फुल्यांच्या शब्दाखातर रामशेट उरवणे जामीन राहिले होते, हेही येथे नोंदविले पाहिजे.

डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे बाहेर आले, तेव्हा लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. बर्व्यांच्या अब्रूचे काय, असे विचारणारे त्या गर्दीत कितीसे असतील? तुरुंगातील दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतरही तेथेच केले.

पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी बिनसले. पत्र मंडळींचे आणि मत संपादकाचे, हा संसार टिकणे कठीणच होते. मनात एक आणि स्तंभात दुसरे, हे त्यांना जमणारे नव्हते. १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्यातील मतांमुळे संतापलेल्या पुणेकरांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. लेखणी मात्र थांबली नाही. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दम्याने पोखरलेल्या देहाने १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, साथ सोडली. अंत्यविधीच्या खर्चापुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात.