दिव्यापलीकडच्या नाइटिंगेलबाई

दरवर्षी 12 मे रोजी जगभर आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन साजरा होतो. आपल्याकडील नर्सिंग महाविद्यालयांत नवागत विद्यार्थिनी हाती पेटता दिवा घेऊन सेवेची शपथ घेतात. हा दिवा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली शपथ मात्र त्यांनी लिहिलेली नाही. ती 1893 मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने तयार झाली. दिव्याच्या प्रतिमेचे तसेच झाले. रात्री जखमी सैनिकांच्या खाटांमधून दिवा घेऊन फिरणारी करुणामूर्ती सर्वांना ठाऊक असते, पण तो काळ जेमतेम पावणेदोन वर्षांचा होता. त्यानंतरची चार दशके या बाईंनी एका वेगळ्याच प्रश्नाशी झुंज दिली. शुश्रूषा शिकविता येते काय, आणि येत असेल तर ती शिकविणारी माणसे कोठून आणावयाची, हा तो प्रश्न होता.

फ्लॉरेन्स यांचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. जन्मगावाचेच नाव मुलीला मिळाले. वडील विल्यम नाइटिंगेल यांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकविले. धाकट्या फ्लॉरेन्सला गणिताची विशेष ओढ होती. ईश्वराने आपल्याला सेवेसाठी हाक दिली आहे, अशी तिची 1837 पासून श्रद्धा होती. ही सेवा रुग्णांची, हे पुढे तिच्या मनाने घेतले. मात्र 1845 मध्ये सॅलिसबरीच्या रुग्णालयात काही महिने काम शिकण्याची इच्छा तिने बोलून दाखविली, तेव्हा घरात हलकल्लोळ माजला. त्या काळी रुग्णालयातील परिचारिका म्हणजे अशिक्षित, अनेकदा दारूच्या आहारी गेलेली स्त्री, असा समज रूढ होता. कुलीन घरातील मुलीने त्या वाटेला जाणे कोणाला रुचणार? परवानगी मिळाली नाही.

पुढील काही वर्षे पहाटे उठून, मेणबत्तीच्या उजेडात रुग्णालयांचे अहवाल आणि आरोग्यविषयक आकडेवारी वाचण्यात गेली. अखेर 1851 मध्ये, वयाच्या 31 व्या वर्षी, जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे पाद्री थिओडोर फ्लिडनर यांनी स्थापन केलेल्या संस्थेत त्यांना सुमारे तीन महिने राहता आले. तेथील शिस्त आणि निष्ठा त्यांना भावली, पण रुग्णांची निगा आणि स्वच्छता मात्र यथातथाच वाटली. चांगले मन असले म्हणजे चांगली शुश्रूषा आपोआप घडते असे नाही, हा पहिला धडा त्या तेथे शिकल्या.

दुसरा धडा युद्धाने दिला. क्रिमियन युद्धात 4 नोव्हेंबर 1854 रोजी त्या 38 परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. या जथ्यात धार्मिक संस्थांतील भगिनी होत्या तशाच पगारी परिचारिकाही होत्या. काहींची श्रद्धा दांडगी, पण हाताला काम ठाऊक नाही. काहींना काम ठाऊक, पण वागण्याचा भरवसा नाही. अनेकींना परत पाठवावे लागले. ऐन संकटात माणसे शोधून भागत नाही, ती आधी घडवून ठेवावी लागतात, हे तेथे लख्ख दिसले.

युद्ध चालू असतानाच, नोव्हेंबर 1855 मध्ये, लंडनमध्ये भरलेल्या सभेत त्यांच्या गौरवार्थ निधी उभारण्याचे ठरले. या नाइटिंगेल निधीत 44 हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली आणि ती परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी ठेवण्यात आली. बाई 1856 मध्ये परतल्या त्या प्रकृतीने खचूनच. पुढील आयुष्याचा मोठा भाग त्यांनी अंथरुणाला खिळून काढला. शाळा काढावयाची, तीही स्वतः वर्गात पाऊल न ठेवता, अशी ही विलक्षण स्थिती होती.

शाळेसाठी लंडनचे सेंट थॉमस रुग्णालय निवडण्यात आले. तेथील मेट्रन, म्हणजे आपल्याकडील अधिसेविका, सेरा वॉर्डरोपर कर्तबगार होत्या. वैद्यकीय वर्तुळातून विरोधही झाला. परिचारिकेचे काम घरकामासारखे, त्यासाठी शाळा कशाला, असे त्याच रुग्णालयातील एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांचे मत होते. तरीही 1860 च्या उन्हाळ्यात 15 उमेदवार तरुणींची पहिली तुकडी दाखल झाली. प्रशिक्षण एक वर्षाचे होते. राहणे, जेवण, गणवेश आणि वर्षाला 10 पौंड निधीतून मिळत.

या शाळेची रचना त्या काळी सर्वस्वी नवी होती. वर्ग होता तो वॉर्डात, आणि शिक्षिका होती ती वॉर्डची सिस्टर. जखमा आणि भाजलेले भाग बांधणे, शेक देणे, पोटीस लावणे, जळवा लावणे, एनिमा देणे, हलता न येणाऱ्या रुग्णाला कूस बदलवून पाठीला जखमा होऊ न देणे, पेज शिजविणे, खोलीत हवा खेळती ठेवणे, या साऱ्या गोष्टी खाटेशेजारी उभे राहून शिकावयाच्या होत्या. त्याहून महत्त्वाचे होते निरीक्षण. रुग्णाची झोप, भूक, श्वास, नाडी, कातडीचा रंग, बडबड यांतील बदल टिपणे आणि डॉक्टरांना नेमक्या शब्दांत सांगणे, ही परिचारिकेची खरी विद्या, असे नाइटिंगेल मानत. प्रत्येक उमेदवाराचा मासिक तक्ता भरला जाई. त्याच्या एका भागात कौशल्य आणि दुसऱ्या भागात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा हे गुण असत आणि प्रत्येक रकान्यात उत्तम ते शून्य अशी श्रेणी दिली जाई. शिवाय मुलींनी दैनंदिनी लिहावी, अशी अपेक्षा होती.

आणखी एक विचार या योजनेत प्रारंभापासूनच होता. येथून शिकलेल्या परिचारिकेने केवळ नोकरी करावयाची नव्हती, तर दुसऱ्या रुग्णालयात जाऊन तेथे इतरांना शिकवावयाचे होते. त्यासाठी स्वतःचा खर्च स्वतः करणाऱ्या सुशिक्षित स्त्रियांचा वेगळा गट पुढे घेण्यात आला. त्यांच्याकडून अधिसेविकापदाची अपेक्षा असे, पण खाटा झाडण्यापासून मलमपट्टीपर्यंत कोणतेही काम त्यांना चुकत नसे. जे काम स्वतःच्या हातांनी केले नाही, ते दुसऱ्याला शिकविता येत नाही, यावर बाईंचा कटाक्ष होता.

मागणी तर प्रचंड होती. ॲग्नेस जोन्स 1865 मध्ये बारा परिचारिकांसह लिव्हरपूलच्या अनाथगृहातील रुग्णालयात गेल्या. शेकडो निराधार रुग्णांचे हे रुग्णालय त्यांनी सुधारले, परंतु 1868 मध्ये टायफस तापाने अवघ्या 35 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ल्युसी ऑस्बर्न पाच जणींना घेऊन ऑस्ट्रेलियातील सिडनीला पोहोचल्या. शाळेचे नाव सर्वदूर गेले.

मात्र नाव पुढे गेले आणि शिक्षण मागे राहिले. स्वतः नाइटिंगेल या काळात लष्करी आरोग्याच्या आणि हिंदुस्थानविषयक अहवालांत बुडालेल्या होत्या. 1870 नंतर त्यांनी शाळेकडे बारकाईने पाहिले, तेव्हा चित्र विदारक दिसले. ज्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मुलींना व्याख्याने द्यावयाची, त्यांची व्याख्याने जवळजवळ बंदच पडली होती. सिस्टर वॉर्डच्या कामाने इतक्या पिचलेल्या, की उमेदवार मुली शिकणाऱ्या न राहता फुकटचे मनुष्यबळ होऊन बसल्या होत्या. त्यातच कच्च्या तयारीच्या स्त्रियांना घाईने मोठ्या पदांवर पाठविले जात होते. शिकविणे हे सिस्टरचे कर्तव्य असे नियमात लिहिले होते, पण कसे शिकवावे हे तिला कोणी शिकविलेच नव्हते.

येथे बाईंच्या स्वभावातील सचोटी दिसते. ज्या शाळेला त्यांचे नाव होते, तिची उणीव झाकण्याऐवजी त्यांनी ती मुळापासून दुरुस्त करावयास घेतली. शल्यचिकित्सक जॉन क्रॉफ्ट यांच्याकडे अध्यापन सोपविण्यात आले. त्यांनी 1873 पासून नियमित व्याख्याने, वाचनाची पुस्तके आणि परीक्षा यांची घडी बसविली. त्याहून दूरगामी ठरले ते ‘होम सिस्टर’ हे नवे पद. वॉर्डची जबाबदारी नसलेल्या या सिस्टरचे काम एकच होते: व्याख्यानातील मुद्दे मुलींकडून पक्के करून घेणे, त्यांच्या वह्या तपासणे, मागे पडणाऱ्यांना हात देणे. मेरी क्रॉसलँड यांनी हे पद 1875 पासून सुमारे दोन दशके सांभाळले. आज आपल्या नर्सिंग शाळांत जिला सिस्टर ट्यूटर किंवा पाठ्यनिर्देशिका म्हणतात, तिची ही पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या मुलींना बाई एकेकीला घरी बोलावू लागल्या. चहा आणि खाऊ देत त्या बारीकसारीक प्रश्न विचारीत. वॉर्डात कोण शिकविते, कोण नुसते हुकूम सोडते, हे या गप्पांतून उलगडे. नंतर त्या मुलीविषयी टिपण लिहून ठेवीत. 1872 पासून अनेक वर्षे त्यांनी विद्यार्थिनींसाठी वार्षिक पत्र लिहिले, ते सर्वांसमोर वाचले जाई. शिक्षण संपले असे मानणारी परिचारिका त्याच दिवसापासून मागे पडू लागते, हे त्यांतील वारंवार येणारे सूत्र होते.

प्रशिक्षणापेक्षा रुग्णाचा जीव मोठा, हे तत्त्वही त्यांनी किंमत मोजून पाळले. खेड्यांतील सुईणी तयार करण्यासाठी लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांच्या निधीतून प्रसूती वॉर्ड चालविला जात होता. तेथे सूतिकाज्वराने माता दगावू लागल्या, तेव्हा 1867 मध्ये तो बंद करण्यात आला. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ठिकठिकाणच्या प्रसूतिगृहांतील मृत्यूंचे आकडे जमवून 1871 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले.

हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत, पण येथील आरोग्याचा ध्यास त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. 1892 मध्ये इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यात त्यांनी एक प्रयोग घडवून आणला. खेड्यांतील स्त्रियांना आरोग्य शिकविण्यासाठी शिक्षिका तयार करावयाच्या होत्या. तेथील आरोग्य अधिकाऱ्यांनी त्यांना आधी व्याख्याने दिली, मग सोबत घेऊन झोपड्यांत नेले आणि शेवटी परीक्षा घेतली. गरीब घरात जाऊन उपदेश न करता मैत्रीने कसे बोलावे, हा त्या अभ्यासक्रमाचा गाभा होता. लगेचच अशी आरोग्य-व्याख्याने हिंदुस्थानातील खेड्यांतही व्हावीत, असे त्यांनी लेखांतून सुचविले.

प्रत्येक बाबतीत काळ त्यांच्या बाजूने उभा राहिला असे नाही. 1887 मध्ये श्रीमती बेडफर्ड फेनविक यांच्या पुढाकाराने ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन झाली आणि परीक्षा घेऊन परिचारिकांची सरकारी नोंदणी करावी, ही मागणी पुढे आली. नाइटिंगेल यांनी तिला कडाडून विरोध केला. परीक्षेत स्मरणशक्ती कळते, मध्यरात्री एकटी असताना परिचारिका कशी वागेल हे कळत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. प्रतिपक्षाचे म्हणणेही वावगे नव्हते. प्रमाणपत्र नसेल तर अर्धशिक्षित बाईपासून रुग्णाचे आणि अन्यायापासून परिचारिकेचे रक्षण कोण करणार? ब्रिटनमध्ये 1919 मध्ये नोंदणीचा कायदा झालाच. आजच्या नर्सिंग शिक्षणात विद्यापीठाची परीक्षाही आहे आणि वॉर्डातील प्रात्यक्षिकांची नोंदवहीही आहे. त्या वादातील दोन्ही बाजू अशा रीतीने टिकून राहिल्या.

त्यांचे बीज दूरवर रुजले. अमेरिकेच्या पहिल्या प्रशिक्षित परिचारिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लिंडा रिचर्ड्स यांनी 1877 मध्ये इंग्लंडला येऊन बाईंची भेट घेतली, सेंट थॉमसचे काम पाहिले आणि पुढे जपानमधील क्योटो येथे प्रशिक्षण शाळा सुरू केली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजात 1899 मध्ये परिचारिकांच्या भावी शिक्षिकांसाठी अभ्यासक्रम सुरू झाला आणि 1907 मध्ये ॲडलेड नटिंग तेथे प्राध्यापिका झाल्या. जगात नर्सिंगच्या प्राध्यापकपदी बसलेल्या त्या पहिल्या परिचारिका. त्याच 1907 मध्ये नाइटिंगेल यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. तोवर त्यांची दृष्टी गेली होती. 13 ऑगस्ट 1910 रोजी, वयाच्या 90 व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान कुटुंबीयांनी त्यांच्या इच्छेनुसार नम्रपणे नाकारला. ईस्ट वेलो या गावी कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. तेथील शिळेवर त्यांच्या नावाची केवळ आद्याक्षरे आहेत.

त्यांची शाळा आज किंग्ज कॉलेज लंडनचा भाग म्हणून चालू आहे. परंतु बाईंचा खरा वारसा एखाद्या इमारतीत शोधता येणार नाही. रुग्णाच्या खाटेशी शिकाऊ मुलीला उभे करून, तिचा हात धरून, तिला पाहावयास आणि सांगावयास शिकविणारी सिस्टर जेथे जेथे आहे, तेथे तो आहे. तिला या कामासाठी पुरेसा वेळ आणि मान मिळावा, म्हणून एका आजारी स्त्रीने अंथरुणावर पडून चाळीस वर्षे लढा दिला होता.