महाधमनीचा फुगा आणि आइनस्टाइन यांचा निर्णय

अल्बर्ट आइनस्टाइन यांचा जन्म १८७९ साली जर्मनीतील उल्म येथे झाला. १९३३ पासून ते अमेरिकेत प्रिन्स्टनला राहत होते. पाइप ओढण्याची त्यांची सवय जुनी होती.

पोटदुखी आणि उलट्यांचा त्रास वाढल्याने डिसेंबर १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या रुग्णालयात डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचे पोट उघडून तपासले. हृदयाकडून येणारी मुख्य रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, पोटात फुग्यासारखी फुगली होती. यालाच अ‍ॅन्युरिझम म्हणतात. फुगलेला भाग काढून तिथे दुसरी नळी बसवण्याची शस्त्रक्रिया तेव्हा नव्हती. ती पहिल्यांदा १९५१ साली पॅरिसमध्ये झाली. निसेन यांनी फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळले. आइनस्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले.

एप्रिल १९५५ मध्ये फुग्यातून रक्तस्राव सुरू झाला. न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. फ्रँक ग्लेन यांनी शस्त्रक्रिया सुचवली. ७६ वर्षांच्या आइनस्टाइन यांनी शांतपणे नकार दिला. वेदनाशामक औषधे घेत त्यांनी रुग्णालयातही आपले कागद आणि चष्मा मागवून घेतला. १८ एप्रिलच्या पहाटे त्यांचे निधन झाले.

आज काय बदलले? फुगा फुटल्यावर अनेक रुग्ण रुग्णालयात पोहोचतच नाहीत. तातडीची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीही साधारण एक तृतीयांश ते निम्मे रुग्ण महिनाभरात दगावतात. ऐंशी ओलांडलेल्यांमध्ये धोका आणखी वाढतो. मूत्रपिंड, हृदय आणि फुप्फुसे साथ देत नाहीत. काही रुग्णांमध्ये पोट न उघडता जांघेतून स्टेंट बसवता येतो. केवळ वय पाहून नकार देऊ नये. रुग्ण आधी किती हिंडता-फिरता होता, हेही महत्त्वाचे असते.

याउलट, फुगा फुटण्याआधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण साधारण पाच टक्के किंवा त्याहून कमी असते. पुरुषांमध्ये फुगा साडेपाच सेंटिमीटरचा झाला की तिचा विचार होतो.

घरातील ६५ ते ७५ वयाच्या, कधीही धूम्रपान केलेल्या पुरुषाची एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या. फुगा आढळला, तर तो फुटल्यास काय करायचे हे त्यांनाच विचारून ठेवा. आइनस्टाइन स्वतः ठरवू शकले. बेशुद्ध रुग्णाच्या वतीने मात्र मुलांना काही मिनिटांत ठरवावे लागते. पोटात किंवा पाठीत अचानक तीव्र कळ येऊन घाम फुटला, चक्कर आली, तर क्षणभरही न थांबता १०८ वर फोन करा.