वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी पूर्वजांचे स्मरण करावयाचे, ही आपल्या ख्रिस्तसभेची जुनी चाल आहे. ज्यांनी मंदिराच्या भिंती उभारल्या ते तर आपले पूर्वज आहेतच. परंतु ज्यांच्या श्रद्धेवाचून त्या भिंती उभ्याच राहिल्या नसत्या, त्यांसही आपण पूर्वज म्हटले पाहिजे. अशांपैकी एक पुरुष आपल्या ह्याच महाराष्ट्रात, समुद्रकाठच्या वसईस जन्मास आला आणि दूर जपान देशी क्रूसावर प्राण अर्पून संतपदास पोहोचला. त्याचे नाव पुष्कळांस ठाऊक आहे, चरित्र मात्र थोड्यांसच. म्हणून ते ह्या स्मरणिकेत थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

सन १५३४ मध्ये गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढे लवकरच तेथे किल्ला, मंदिरे, मठ व शाळा उभ्या राहिल्या. ह्या वसईत सन १५५७ च्या सुमारास गोन्सालोंचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज होते व आई वसईचीच होती. अशा रीतीने दोन देशांचे रक्त व दोन भाषांचा संस्कार त्यांस जन्मतःच लाभला. किल्ल्यातील येशूसंघीय फादरांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. फादर सेबास्तियाँ गोन्साल्विस हे त्यांचे गुरू. सन १५७२ मध्ये, वय अवघे पंधरा वर्षांचे असता, गोन्सालो ह्या गुरूंसमवेत गलबतात बसून जपानकडे निघाले.

जपानात शुभवर्तमान प्रथम नेले ते संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी, सन १५४९ मध्ये. त्या गोष्टीस तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. फादर थोडे, श्रोते पुष्कळ आणि भाषा अतिशय कठीण, अशी तेथील स्थिती होती. तरुण गोन्सालोंनी ती भाषा लवकरच आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. मुलांस प्रार्थना शिकवावी, बाप्तिस्म्याची तयारी करून घ्यावी, फादरांचे बोलणे लोकांस व लोकांचे फादरांस समजावून द्यावे, हा त्यांचा नित्यक्रम होता. आपण येशूसंघात प्रवेश करावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती. ती मात्र सफल झाली नाही.

अशा प्रसंगी पुष्कळांची मने आंबतात. आपल्या सेवेची कदर झाली नाही असे वाटून मनुष्य मंदिराची पायरी चढेनासा होतो. गोन्सालोंनी तसे केले नाही. त्यांनी व्यापार आरंभिला, आणि भाषेचे ज्ञान व सचोटी ह्यांच्या बळावर त्यात त्यांस चांगले यश आले. पूर्वेकडील बंदरांत त्यांचे नाव झाले, हाती पैसा आला. परंतु मनातील जुनी हाक शमली नाही. ते फिलिपाईन बेटांतील मनिला शहरी गेले. तेथे संत फ्रान्सिस असिसीकरांच्या निर्धन संघबंधूंचे जीवन त्यांनी जवळून पाहिले, आणि चालता व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर म्हणून प्रवेश केला. धर्मगुरुपद त्यांनी स्वीकारले नाही. कोणाची सक्ती नसता केलेला हा त्याग ध्यानात ठेवावा. पुढे सक्ती आली तेव्हा जो पुरुष डगमगला नाही, त्याचा अभ्यास असा आधीच झालेला होता.

त्या काळी जपानची सत्ता टोयोतोमी हिदेयोशी ह्याच्या हाती होती. सामान्य कुळात जन्मून स्वपराक्रमाने त्याने सारा देश एका छत्राखाली आणला होता. सन १५८७ मध्ये त्याने एकाएकी फादरांनी देश सोडून जावे असा हुकूम काढला. परंतु पोर्तुगीज जहाजांतून येणाऱ्या रेशमाचा व्यापार त्यास हवा होता, म्हणून हुकुमाची अंमलबजावणी कडक झाली नाही. ख्रिस्ती लोक राहिले ते सत्ताधीशाच्या मर्जीवर. मर्जीवर जगणाऱ्यांस आज सोसले जाते, उद्याचा भरवसा नसतो.

सन १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस वकील नेमून हिदेयोशीकडे धाडिले. त्यांच्यासमवेत दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो होते. मनिलाने आपली सत्ता मान्य करावी अशी हिदेयोशीची इच्छा होती. फादरांनी स्नेहाचा हात पुढे केला, परंतु मांडलिकत्व कबूल केले नाही. असल्या दरबारात दुभाष्याचे काम किती नाजूक असते हे सांगावयास नको. शब्द थोडा सैल केला तर सत्ताधीश खूश होतो, आणि सत्य बिचारे मध्येच नाहीसे होते. ती शिष्टाई निभावली. फादरांस राहण्याची परवानगी मिळाली, आणि राजधानी मियाको, जिला आज क्योटो म्हणतात, तेथे जागाही मिळाली. तेथे लवकरच देवदूतांच्या राणीच्या नावाने लहानसे मंदिर उभे राहिले. त्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळे काढण्यात आली. ज्यांस आप्तांनी घराबाहेर घातले होते, त्यांच्या जखमा ह्या संघबंधूंनी आपल्या हातांनी धुतल्या. पूर्वी हिशेबाच्या वह्या लिहिणारे गोन्सालो ह्या सेवेत सामील होते.

सन १५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे मोठे स्पॅनिश गलबत मनिलाहून मेक्सिकोकडे जात असता वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांतात किनाऱ्यास लागले. त्यातील अमोल माल हिदेयोशीने जप्त केला. आधी धर्मोपदेशक येतात व मागून सैन्य येते, असा संशय त्याच्या मनात ह्याच वेळी भरविण्यात आला. तो कोणी भरविला ह्याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. फळ मात्र एकच झाले: डिसेंबरात मियाको व ओसाका येथील फ्रान्सिस्कन मठांवर पहारे बसले आणि मरणाची शिक्षा फर्माविण्यात आली.

यादीप्रमाणे माणसे गोळा करीत असता शिपायांनी मात्तियास हे नाव पुकारले. त्या नावाचा मठातील मनुष्य बाहेर गेला होता. तेव्हा त्याच नावाचा दुसरा एक ख्रिस्ती मनुष्य पुढे आला व त्याच्या जागी चालू लागला. शिपायांस संख्या भरावयाची होती. त्यांनी त्यास बांधिले. नाव आपले आहे, ख्रिस्ती आपण आहोत, मग मागे का राहावे, इतकाच त्या भल्या माणसाचा हिशेब.

जानेवारी १५९७ मध्ये चोवीस बंदिवानांचे डावे कान कापण्यात आले. बैलगाड्यांतून त्यांची धिंड काढण्यात आली, आणि मग कडाक्याच्या थंडीत त्यांस नागासाकीकडे चालविण्यात आले. सुमारे आठशे किलोमीटरांची ती वाट चालण्यास महिना लागला. लोकांनी पाहावे व भ्यावे, हा हेतू होता. परंतु वाटेत सेवेसाठी आलेल्या दोघा ख्रिस्ती माणसांसही पकडण्यात आले व संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि बाकीचे सतरा जपानी प्रापंचिक होते. लुई इबाराकी हा अवघा बारा वर्षांचा मुलगा त्यांत होता. शिक्षेच्या अंमलबजावणीवर नेमलेल्या अधिकाऱ्यास त्याची दया आली. धर्म सोडशील तर तुला वाचवितो व आपल्याजवळ ठेवितो, असे त्याने कळविले. ह्या अटीवर जगणे मुलाने नाकारले. सरणाऱ्या आयुष्यासाठी न सरणारे आयुष्य देणे हा त्यास तोट्याचा सौदा वाटला.

तारीख ५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीजवळील निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने मांडले होते. परंपरा सांगते की, टेकडीवर प्रथम पोहोचले ते ब्रदर गोन्सालो, आणि आपला क्रूस कोणता हे विचारून ते त्याच्यापाशी गेले. लोखंडी कड्या व दोर ह्यांनी सर्वांस जखडून क्रूस उभे करण्यात आले. जपानी येशूसंघीय पौल मिकी ह्यांनी क्रूसावरून लोकांस उपदेश केला व मारणाऱ्यांस क्षमा केली. मग भालेकऱ्यांनी दोन्ही बाजूंनी भाले खुपसून एकेकाचा प्राण घेतला. वसईच्या पुत्राचे वय त्या वेळी चाळिशीच्या आसपास होते.

असो. वाचकांच्या मनात येईल की, क्रूस व भाले हे आपल्या वाट्यास येणारे नाहीत. मग ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी क्षणभर रोमच्या जुन्या राज्यात जाऊ. सन २५० मध्ये डेसियस बादशहाने हुकूम काढिला की, प्रत्येकाने देवांपुढे बळी व धूप अर्पावा आणि तसा दाखला घ्यावा. अधिकारी म्हणत की मागणे क्षुल्लक आहे. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी ते मानले नाही व हाल सोसले. कित्येकांनी भिऊन अर्पण केले. कित्येकांनी तिसरी वाट काढली: अर्पण न करिता पैसे देऊन नुसता दाखला मिळविला. हात तर स्वच्छ राहिले, कागद तेवढा खोटा, असे त्यांस वाटले. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन ह्यांनी ह्या लोकांस दोषमुक्त म्हटले नाही, आणि टाकूनही दिले नाही. पश्चात्तापाच्या मार्गाने त्यांस पुन्हा जवळ घेतले. स्वतः सिप्रियन सन २५८ मध्ये रक्तसाक्षी झाले. जपानातही पुढे असेच झाले. सन १६१४ मध्ये सर्व देशात ख्रिस्ती धर्मास बंदी झाली, आणि नंतर प्रभूच्या अथवा मातेच्या चित्रावर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे दाखविण्याची रीत सुरू झाली. चिमूटभर धूप, एक कागद, एक पाऊल! श्रद्धेची किंमत मागणारे नेहमी थोडेच मागतात.

राळेगणसिद्धीच्या पाझर तलावाची हकीकत आपल्या भागात कोणास ठाऊक नाही? तलाव होता, पाऊसही पडे. परंतु बांधास गळती असल्यामुळे पाणी टिकत नसे. सन १९७५ नंतर गावकऱ्यांनी श्रमदानाने ती गळती बंद केली, तेव्हा खालच्या विहिरींस पाणी आले. श्रद्धेचेही असेच असते. शेजाऱ्याच्या सुखदुःखास धावणे, वारीस निघालेल्या दिंडीस पाणी देणे, गावच्या कामात खांद्यास खांदा लावणे ही गळती नव्हे. ती ख्रिस्ती माणसाची रीतच आहे. आपले शेजारी काही हिदेयोशी नव्हेत. गळती असते ती आपणच आपले नाव लपवितो तेथे.

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबांस हे दुखणे ठाऊक आहे. सन १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. सन १९५६ मध्ये शिखांस व सन १९९० मध्ये बौद्धांस त्या देण्यात आल्या, ख्रिस्ती झालेल्यांस मात्र नाहीत. म्हणून शाळेचा वा नोकरीचा अर्ज भरताना धर्माच्या रकान्यापाशी आईबापांचा हात थबकतो. एकीकडे मुलाचे शिक्षण, दुसरीकडे बाप्तिस्म्यात मिळालेले नाव. ह्या थबकलेल्या हातास दोष देणे सोपे आहे. दोष देणाऱ्याच्या मुलाची फी बहुधा भरलेली असते. ह्या अन्यायाविरुद्ध ख्रिस्तसभा उघडपणे व कायद्याच्या मार्गाने दाद मागत आली आहे, आणि ती मागितलीच पाहिजे. परंतु दाद मागावयाची ती आपल्या खऱ्या नावाने. आणि ज्या कुटुंबाने रकान्यात खरे लिहिले व त्यामुळे तोटा सोसला, त्या कुटुंबाच्या मुलाचे शिक्षण हा साऱ्या धर्मग्रामाचा प्रश्न झाला पाहिजे. मात्तियासाच्या जागी दुसरा मात्तियास चालू लागला. आपणांस तर जीव द्यावयाचा नाही, खर्चाचा थोडा वाटा उचलावयाचा आहे. महोत्सवाच्या वर्षी ह्याहून चांगली देणगी कोणती?

आता चरित्राचा शेवट सांगतो. पोप आठवे उर्बन ह्यांनी सन १६२७ मध्ये ह्या रक्तसाक्षींस धन्य म्हणून घोषित केले, आणि पोप नववे पायस ह्यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांस संतपद दिले. भारतभूमीत जन्मलेले गोन्सालो हे पहिले संत होत. ६ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा त्या सर्वांचा सण पाळिते. वसईच्या किल्ल्यातील येशूच्या पवित्र नामाचे जुने मंदिर आज गोन्सालोंच्या नावाने ओळखले जाते. आणि नागासाकीस? तेथे सव्वीस रक्तसाक्षींच्या नावाने बांधलेल्या ओउराच्या मंदिरात, मार्च १८६५ मध्ये, काही गरीब खेडूत भीत भीत आले आणि आपणही ह्याच श्रद्धेचे आहोत असे त्यांनी फादरांस हळूच सांगितले. अडीचशे वर्षे फादरावाचून व मिस्सेवाचून, आईने मुलीस व बापाने मुलास प्रार्थना शिकवून त्यांनी श्रद्धा राखिली होती. टेकडीवर सांडलेले रक्त घराघरांतून असे जिवंत राहिले होते.

आपल्या घरांतूनही सायंकाळची प्रार्थना अशीच चालू राहो, आणि मुलांस आपले ख्रिस्ती नाव कोठेही न लपविता उच्चारण्याचे धैर्य प्रभू देवो. संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.